पाहुणी असेपर्यंत डंका बंद

संपाला चौथा महिना लागला तेव्हा लालबागच्या त्या गल्लीत आवाज करणारं एकच यंत्र उरलं होतं. कुशाबाचा मसाल्याचा डंका. गिरण्यांचे भोंगे थांबल्यापासून लोक एकमेकांना वेळ विचारू लागले होते आणि वेळ कळल्यावर तिचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. डंक्याला मात्र उसंत नव्हती. विजेच्या पट्ट्यावर लोखंडी मुसळं वर जायची आणि खालच्या उखळांत धाडधाड कोसळायची. उखळांत परळ-दादरची वर्षभराची मिरची. संप असो वा नसो, मसाला एप्रिल-मेमध्येच कुटायचा असतो. वर्षभर पोटात काय पडणार हे नक्की नव्हतं, पण जे पडेल ते तिखट असणार एवढं लोकांनी ठरवून टाकलं होतं.

सोनूबाईची खोली बरोबर डंक्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. तिच्या फळीवरचे पेले सकाळपासून दिवेलागणीपर्यंत थरथरत. खोलीत बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. प्रेमाने विचारलेला चहाही भांडणासारखा ऐकू येई, त्यामुळे खऱ्या भांडणासाठी त्या घरात वेगळं काही करावं लागत नसे.

या खोलीत एप्रिल संपता संपता पाहुणी आली.

पाहुणी म्हणजे देवी. सोनूबाईच्या नातीच्या, अडीच वर्षांच्या बकुळाच्या, कानामागे आधी पुरळ उठलं, मग तोंडावर, मग पोटावर. डॉक्टर याला गोवर म्हणतात. सोनूबाई नुसतं "आई इली हा" म्हणाली आणि तिने दाराला कडूलिंबाचा डहाळा बांधला. देवीच्या रोगाला सरकारने काही वर्षांपूर्वीच देशातून घालवलं होतं आणि तसं पेपरात छापूनही आलं होतं. पण देवीला कुणी तसं कळवलेलं नसावं. मोठीला बंदी झाल्यावर धाकटीने यावं तशी ती येतच राहिली.

पाहुणचाराचे नियम होते. फोडणी घालायची नाही. मोहरी तडतडलेली तिला खपत नाही. मासळी नाही, साबण नाही, केसांत फणी नाही. बाहेरून आलेल्याने पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही. पोरीवर ओरडायचं नाही, कारण ते पोरीतल्या आईवर ओरडल्यासारखं होतं. औषध नाही, आणि सुई तर नाहीच. सुई टोचली की आई चिडते, आणि बाहेर यायची ती उलट आत शिरते. सातव्या दिवशी कडूलिंबाच्या पाण्याने अंघोळ, नाक्यावर दहीभात, हात जोडून निरोप. मग ती जाते. आजवर ती अशीच गेली होती. कधी एकटी, कधी पोराला घेऊन.

सोनूबाईने हे नियम मजल्यालाही लावले. मजल्याने ते पाळले. संपाच्या दिवसांत तेल तसंही जपूनच वापरावं लागत होतं; ते श्रद्धेपायी वाचलं याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

चौथ्या दिवशी बकुळा खोकू लागली. तापही हटेना. सोनूबाईने वाटणी करून टाकली. "ताप आईचो," ती म्हणाली, "आणि खोकलो मिरचीचो." म्हणजे प्रत्येक दुखण्याला मालक मिळाला आणि डॉक्टरच्या वाट्याला काहीच उरलं नाही.

मालनला ही वाटणी पटली नाही. मालन बकुळाची आई, सोनूबाईची सून. जन्म काळाचौकीचा, नववीपर्यंत शिकलेली. तिचा नवरा रघू गिरणीत साच्यांवर होता. संप लांबल्यावर आंब्याच्या पेट्या भरायला मालवणकडे गावी गेला होता. तो असता तर त्याने दोघींचंही ऐकून घेतलं असतं आणि विडी ओढायला खाली गेला असता. त्याच्या नसण्याने तसं काही अडलं नव्हतं.

"आये, ताप उतरत नाही," मालन म्हणाली. "डॉक्टरला दाखवूया."

"दाखवूया. आणि आईक काय सांगू? तू बस म्हणान, मी दुसऱ्याक बोलावलंय?"

"सांगा की पोर दूध पण घेत नाही."

"तिका सगळा दिसता."

"मग मला पण का दिसतंय?"

सोनूबाईने बकुळाच्या उशाशी नवा डहाळा ठेवला आणि खालून मिरचीचा लोट वर आला तशी खिडकी लावून घेतली. बंद खोलीत पोरगी खोकत राहिली. डंक्याच्या आवाजात तो खोकला ऐकू यायचा नाही, नुसता दिसायचा. बारकं अंग उडायचं आणि पुन्हा पडायचं.

मालनने मग सासूला न विचारता एक गोष्ट केली. दर आठवड्याला संपकऱ्यांना धान्य वाटायला दादरच्या एका कॉलेजातले प्राध्यापक शरच्चंद्र यायचे. माणूस चांगला, गिरगावातला, ओळखी मोठ्या. मालनने त्यांना जिन्याखाली गाठलं आणि सांगितलं, "सर, एक डॉक्टर घेऊन या. लगेच. पोर बरी दिसत नाही."

सर आले. सोबत डॉक्टर नव्हता. गुंडाळी केलेला तक्ता होता.

"डॉक्टर उद्या येतील," ते म्हणाले, "पण आधी आजींशी बोलू. समजूत पटल्याशिवाय उपचाराला अर्थ नसतो." चपला दाराबाहेर काढून ते आत आले. पाय धुवायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. तक्ता त्यांनी भिंतीवर धरला. त्यावर काटेरी चेंडूसारखं काहीतरी काढलेलं होतं.

"आजी, हा विषाणू," ते ओरडून म्हणाले. ओरडणं डंक्यामुळे होतं, पण सोनूबाईला ते डंक्यामुळे वाटलं नाही.

"काय हा?"

"विषाणू. डोळ्यांना दिसत नाही. हवेतून येतो, अंगात शिरतो, पुरळ उठतं, ठरावीक दिवस राहतो आणि बहुतेक वेळा आपोआप जातो."

सोनूबाईने थोडा विचार केला. "म्हणजे दिसणा नाय, वाऱ्यावांगडा येता, अंगात शिरता, ठरलेले दिस रवता आणि आपसूक जाता."

"अगदी बरोबर."

"मगे माझा काय चुकला?"

शरच्चंद्रांनी तक्त्याकडे पाहिलं. तक्त्याने मदत केली नाही. मग त्यांचा आवाज चढला. ते थोतांड म्हणाले, अडाणीपणा म्हणाले, आणि या भरात त्यांचं बोट डहाळ्याच्या फार जवळ गेलं.

"पाय धुतलंस?" सोनूबाईने विचारलं.

सरांनी पायांकडे पाहिलं.

"भायर हो."

गॅलरीत मालन त्यांच्यामागे आली. "सर, मी डॉक्टर मागितला होता."

"हो, पण मानसिकता बदलल्याशिवाय..."

"मानसिकतेला खोकला नाही झालेला, सर."

सर चपला घालून खाली उतरले आणि नाक्यावरच्या चहावाल्याकडे तक्ता मांडीवर घेऊन बसले. त्यांच्या येण्याचा परिणाम झाला नाही असं म्हणता येणार नाही. सोनूबाईने आपली चटई उचलली आणि उंबऱ्याला आडवी टाकली. सुनेच्या मनात काय आहे ते तिला आता पक्कं कळलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मालनने बकुळाला चादरीत गुंडाळलं. पोर तव्यासारखी तापली होती आणि डोळे अर्धे उघडे होते. मालन दारापर्यंत गेली. सोनूबाई चटईवर बसून होती, हलली नाही.

"जा," ती म्हणाली. "माझ्या अंगावरसून जा."

सासूला ओलांडणं मालनला जमलं असतं. पण पोर कडेवर, गॅलरीत सगळ्या खोल्यांच्या बायका उभ्या, आणि एकदा खाली उतरल्यावर परत कोणत्या घरात यायचं हे ठाऊक नाही, अशा वेळी ते जमलं नाही. ती तिथेच उभी राहिली. खाली मुसळं कोसळत होती. फळीवर पेले एकमेकांना आपटत होते.

"आये," ती शेवटी म्हणाली, "खोकला मिरचीचा ना?"

"मिरचीचोच."

"मग मिरची बंद करते. डंका बंद. खोकला गेला तर आईला निरोप देईपर्यंत मी डॉक्टरचं नाव काढणार नाही. नाही गेला तर तुम्ही दारातून उठायचं."

सोनूबाईने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "सगळ्यो गिरण्यो बंद पडल्यो, पण त्या कुशाबाचो डंको बंद पडलो नाय. तो काय तुझ्या सांगण्यान पडतलो?"

"बोला. उठणार?"

"उठतंय," सोनूबाई म्हणाली. "माका काय भय हा? खोकलो मिरचीचोच हा."

मालनने बकुळाला तिच्या मांडीवर ठेवलं, साडीचा पदर खोचला आणि ती सासूच्या बाजूने, अंगावरून नव्हे, खाली गेली.

कुशाबा जुन्नरकडचा. नाकावर फडकं बांधून तो उखळांपुढे बसलेला असे. त्याचं तोंड वर्षातले दोन महिने कुणी पाहत नसे. समोर बायकांची रांग, प्रत्येकीच्या पायाशी मिरचीची पिशवी. मालनला ओरडूनच सांगावं लागलं, त्यामुळे ते एकदम सगळ्यांना कळलं.

"कुशाबामामा, डंका बंद करा. घरात आई आलीय. पोर खोकतेय."

"खोकत कोन नाय?" कुशाबा म्हणाला. "मी बी खोकतो. सीझन हाय बाय. आदी गिरन्या झाल्या, आता माजा डंका. उद्या घरच्या तव्याला बी संप करायला सांगशील."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"गिरनीवाल्यांना बी असंच सांगितलं व्हतं."

रांगेतली एक बाई पुढे आली. "आणि माझी अर्धी कुटलेली मिरची घेऊन मी भोईवाड्याला जाऊ काय गं? पोर तुझी, खोकला तिचा, मिरचीने काय केलं?"

खरं तर मालनचंही तेच म्हणणं होतं. तिने हात जोडले. तेवढ्यात रांगेच्या टोकाची एक म्हातारी, मिरचीची पिशवी पायाशी ठेवून उभी होती, तिने विचारलं, "कितवा दिवस?"

"पाचवा."

म्हातारीने वर खिडकीकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि पिशवी उचलली. "माझी मिरची आई गेल्यावर कुट रे," असं म्हणून ती चालू लागली. तिच्यामागे दुसरी गेली. मग तिसरी, घरी लहान नातवंड आहे म्हणून. भोईवाड्याच्या बाईने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, पण तिनेही उखळातली मिरची तशीच राहू दिली आणि पायात चप्पल अडकवली. कुशाबा मालक होता. मजुराच्या संपाला कसं तोंड द्यायचं ते त्याने बाकीच्या मालकांकडे बघून थोडंफार ठरवलं होतं. गिऱ्हाइकानेच संप केला तर काय करायचं, हे कुणी केलेलं त्याच्या पाहण्यात नव्हतं.

त्याने तोंडावरचं फडकं काढलं. "करतो बंद," तो म्हणाला. "पन ऐक. चालू कर म्हनून सांगायला सोनूबाईनं सोता यायचं. आईच्या मनातलं तिलाच ठावं. मी आपल्या मनानं खटका दाबनार नाय."

मुसळं वर गेली, खाली आली, आणि मग वर गेलीच नाहीत.

गल्लीतली माणसं दारात आली. काय झालं ते बघायला नव्हे. काय थांबलं ते बघायला. दूर कुणाच्या तरी नळाची धार पडताना ऐकू येत होती. आजही डॉक्टरशिवायच येऊन चहावाल्याकडे बसलेले शरच्चंद्र अजून मोठ्यानेच बोलत होते आणि आपण एकटेच बोलतोय हे ध्यानात आल्यावर गप्प झाले.

मालन वर आली. सोनूबाई उंबऱ्यावरच होती, बकुळा मांडीवर. गॅलरीतल्या बायकाही जमल्या होत्या. बकुळा खोकली. प्रत्येकीने मालनकडे पाहिलं. मिरचीचा धुरळा खाली बसायला वेळ लागतो, असं कुणीतरी हळूच म्हणालं, आणि इतक्या हळू बोललेलं ऐकू आलं याचंच सगळ्यांना नवल वाटलं. बकुळा पुन्हा खोकली, पण मघापेक्षा बारीक. मग आणखी बारीक. गॅलरीतलं ऊन कठड्यावरून खाली सरकलं, भिंतीला लागलं. त्यानंतर ती खोकली नाही.

"ऐक," सोनूबाई म्हणाली.

"काय?"

"कायच नाय. खोकलो गेलो."

बायकांनी माना डोलावल्या. एकीने तर डहाळ्याला हात लावून नमस्कार केला. मालन भिंतीला टेकून खाली बसली. खेळ तिचा होता, नियम तिचे होते, आणि ती सगळ्यांदेखत हरली होती. सोनूबाईचा चेहरा मात्र जिंकल्यासारखा दिसत नव्हता. ‘ऐक’ म्हणताना तिने एक बोट वर केलं होतं ते तसंच होतं.

कारण खोकला गेला होता आणि आता त्याच्या मागे दुसरा आवाज ऐकू येत होता. दर श्वासाच्या शेवटी एक बारीक घुसमट. रिकाम्या पिंपाच्या तळाला मापटं खरवडावं तसा. आवाज लहान होता, पण थांबत नव्हता. डंका चालू असताना तो कधीपासून होत होता, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

सोनूबाईने बकुळाचं झबलं वर केलं. दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. तिने कान पोरीच्या तोंडाशी नेला आणि ती तशीच राहिली. इतका वेळ राहिली की मालन उठून जवळ आली.

तिने हा आवाज आधी ऐकलेला होता. तिचा पहिला मुलगा, रघूच्या आधीचा. गावी, पडवीत. तिथे डंका नव्हता. सगळ्यांनी नीट ऐकलं होतं आणि सगळे निरोपाच्या दिवसाची वाट बघत बसले होते.

"खोकलो जावक नाय गो," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा होता. शांततेत तो फार मोठा वाटला. "पोरीच्यान खोकूकच होणा नाय."

सोनूबाईने चटई पायाने बाजूला सारली. जिंकलेला खेळ तिने उंबऱ्यावरच टाकला आणि उठली.

पण पाहुणीला असं टाकून जाता येत नाही. सोनूबाईने बकुळाला मालनच्या हातात दिलं, पदर डोक्यावर घेतला आणि पोरीसमोर हात जोडून गाऱ्हाणं घातलं, भरभर, गावच्या देवळात घालतात तसं.

"बाये आई माऊली, तू पावणी म्हणान आमच्या घराक इलंस. तुका ठेवन आमी खंय जावचो नाय. पण ह्या लेकराक दवाखान्यात घेवन जावचा हा, तेव्हा तू पण वांगडा चल. तुझो मान थंय दितलंव. सुई टोचतले ती पोरीक टोचतले, तुका नाय. काय चुकला-माकला असात तर ता माझ्या माथ्यार घाल, पोरीच्या नको."

"व्हय म्हाराजा," गॅलरीतून सवयीने आवाज आला.

मालन जिन्यावरूनच ओरडली, "सर, टॅक्सी." शरच्चंद्र तक्ता चहावाल्याकडे टाकून रस्त्यावर धावले. टॅक्सी घेऊन परत आले तेव्हा सोनूबाईने तांब्यातलं पाणी त्यांच्या पायांवर ओतलं, चपलांसकट, आणि बकुळाच्या उशाशी ठेवलेला डहाळा त्यांच्या हातात दिला. "उभो धर. खाली टेकू नको."

सरांनी तो उभा धरला. या वेळी त्यांनी काही समजावून सांगितलं नाही.

टॅक्सीवाल्याने आरशात डहाळा पाहिला. "माता है क्या?" त्याने विचारलं. सोनूबाईने मान हलवली. पुढचे सगळे सिग्नल त्याने मातेच्या नावावर तोडले. मागच्या सीटवर मालनने पोरीला छातीशी धरलं होतं आणि सोनूबाईचा कान पोरीच्या तोंडाशी होता. रस्त्याच्या आवाजात श्वास ऐकू येत नव्हता, म्हणून ती गालावर लागणारी वाफ मोजल्यासारखी दर वेळी "हा" म्हणत होती. हा. हा. एकदा ती "हा" म्हणाली नाही. मालनने तिच्या दंडाला धरलं. "हा," सोनूबाई म्हणाली.

साथीच्या रोगांच्या त्या हॉस्पिटलात वॉर्डभर पोरं होती, एकेका खाटेवर दोन-दोन, सगळ्यांच्या अंगावर तेच पुरळ. बहुतेक उशांखालून कडूलिंबाचं टोक बाहेर आलेलं होतं. नर्स सकाळी ते उचलायच्या आणि दुपारपर्यंत ते परत उगवायचं. सोनूबाईने नजर फिरवली. एवढ्या आया एका ठिकाणी तिने जत्रेतही पाहिल्या नव्हत्या.

डॉक्टर तरुण बाई होती, डोळ्यांखाली काळं आलेलं. तिने बकुळाच्या छातीला नळी लावली आणि तिचं बोलणं एकदम भरभर झालं, पण ते नर्सशी. मग तिने विचारलं, "खोकला कधी थांबला?"

"डंको बंद केल्यार," सोनूबाई म्हणाली.

"डंका?"

"त्याचं असं आहे," शरच्चंद्रांनी सुरुवात केली.

"तुम्ही बाहेर थांबा," डॉक्टरीण म्हणाली. "आणि ते झाड पण." मग सोनूबाईकडे वळून, "खोकला थांबला म्हणून घरी बरं वाटलं असेल."

सोनूबाईने बकुळाचं झबलं सारखं केलं.

"न्यूमोनिया आहे. गोवरात होतो. दोन्ही बाजूंना आहे. कालच आणायला हवं होतं." तिने सुई भरली. "पाय घट्ट धरा, आजी."

सोनूबाईने पाय धरला. बकुळाच्या कपाळावर हात ठेवून ती आणखी कुणाला तरी म्हणाली, "तू बघू नको." सुई टोचली गेली. पोरगी रडली नाही. रडायला जो श्वास लागतो तो तिच्याकडे नव्हता. मग नाकाला नळी लागली आणि डॉक्टरीण म्हणाली की आता वाट बघायची. किती, ते तिने सांगितलं नाही.

गल्लीतही वाट बघणं सुरू झालं. कुशाबा रिकाम्या उखळांपुढे बसून होता. मिरचीच्या पिशव्या घेऊन बायका येत, डंका बंद बघून वर खिडकीकडे बघत आणि पिशव्या तिथेच ठेवून जात. दुसऱ्या दिवशी पिशव्या रस्त्यापर्यंत आल्या. निरनिराळ्या बातम्याही आल्या. पोर डोळे उघडते. पोर डोळे उघडत नाही. संध्याकाळी शरच्चंद्र हॉस्पिटलातून परतले आणि "ऑक्सिजन लावलाय" म्हणाले. ऑक्सिजन लावलेलं माणूस परत आलेलं त्या गल्लीने पाहिलेलं नव्हतं. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"सर," कुशाबाने विचारलं, "तुमचं काय मत? चालू करू का?"

"शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर डंक्याचा आणि गोवराचा काडीचाही संबंध नाही."

"मग तुमीच दाबा खटका."

शरच्चंद्रांनी भिंतीवरच्या खटक्याकडे पाहिलं. काळा, बोटभर लांबीचा खटका. ते पुढे झाले, थांबले, आणि त्यांनी चष्मा पुसला.

"सोनूबाई येऊ देत," ते म्हणाले.

सातवा दिवस निरोपाचा. सोनूबाई आली नाही. मालनही आली नाही. वरच्या खोलीला कुलूप होतं आणि दारावरचा डहाळा सुकून काळा पडला होता. त्या दिवशी मजल्यावर कुणी मोठ्याने बोललं नाही. फोडणी तर कुणी घातलीच नाही.

आठव्या दिवशी उन्हं कलताना सोनूबाई नाक्यावर दिसली. एकटी. अनवाणी, केस विस्कटलेले, हातात केळीच्या पानाची पुडी. तिच्याबरोबर मालन नव्हती आणि कडेवर पोर नव्हती. चहावाल्याने उकळता चहा खाली उतरवला. नाक्यावर तिने पुडी उघडली, दहीभात ठेवला, हात जोडले, काहीतरी पुटपुटली आणि मागे न बघता गल्लीत आली. शरच्चंद्र तिला बघून उभे राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

ती कुशाबासमोर उभी राहिली.

"चालू कर," ती म्हणाली.

कुशाबाचा हात खटक्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. आई गेली, एवढं त्याला कळलं. पण आई दोन तऱ्हांनी जाते, आणि दोन्ही तऱ्हांनी गेल्यावर डंका चालू करायला सांगायला माणूस एकटंच येऊ शकतं. गल्लीतल्या कुणालाच पोरीचं विचारता येईना. सगळे सोनूबाईच्या तोंडाकडे बघत होते आणि त्या तोंडावर तीन रात्रींची जाग सोडून काहीच लिहिलेलं नव्हतं.

"तुझ्याकडे मोहरी हा काय?" तिने विचारलं.

"मोहरी?"

"मूठभर दी. सांजेक फोडणी घालूची हा. मालनीक डबो न्हेवचो हा. तीन दिस जेवक नाय ती."

कुशाबाने हात खाली घेतला. सुतकात फोडणी घालत नाहीत. एवढं त्याला कळत होतं, गल्लीला कळत होतं, आणि थोडं उशिरा का होईना, शरच्चंद्रांनाही कळलं. ते परत बाकावर बसले.

"म्हंजी पोर..." कुशाबा म्हणाला. "खोकती का?"

"खोकता," सोनूबाई म्हणाली. "आज सकाळपासून. वॉर्डात कोणाक निजाक देणा नाय. डाक्टरीण म्हणता, खोकूक होया."

तिने मोहरीची पुडी पदरात बांधली आणि ती जिना चढू लागली. वर पोचून तिने सुकलेला डहाळा काढला, कुलूप उघडलं आणि खिडकी लावून घेतली. तेव्हा कुठे कुशाबाने तोंडाला फडकं बांधलं आणि खटका दाबला. भोईवाड्याच्या बाईची अर्धी कुटलेली मिरची उखळात उसळली, लोट गल्लीत पसरला, आणि पहिला ठसका शरच्चंद्रांना लागला.